खड्डा भरेल म्हणून

महादेवरावांचा दिवस काठी आपटण्यापासून सुरू व्हायचा. संडासामागे दोन खड्डे. त्यातल्या चालू खड्ड्याच्या झाकणावर काठी ठोकायची आणि कान लावायचा. आवाज भरल्यासारखा वाटला की दिवसभर घरात कटकट. आमची त्यांची भिंतीला भिंत, त्यामुळे ही ठोकाठोक मी रोज ऐकायची.

रामटेकजवळच्या आमच्या गावात असला उद्योग करणारा दुसरा माणूस नसेल. मार्तंड गवंड्याने बांधतानाच सांगितलं होतं, एक खड्डा भरला की दुसऱ्यात सोडा, पहिल्यातल्या घाणीचं बसल्याबसल्या खत होतं, ते वावरात टाका. महादेवरावांनी मान डोलावली आणि त्यातलं एक अक्षर मानलं नाही. त्यांचं लहानपण कामठीला मामाकडे गेलं. तिथे टोपलीचा संडास होता. मागच्या गल्लीतून एक बाई यायची, मैला डोक्यावरून घेऊन जायची, आणि ती गेली की मामी ओटा धुवायची. त्या बाईचं नाव कोणी विचारलं नाही. आता तसं कोणाला राबवता येत नाही, हे फार बरं झालं. पण मग खड्डा भरला तर उपसायचा कोणी, हा किडा महादेवरावांच्या डोक्यात वळवळत राहिला. आपण स्वतः उपसावा, हे मात्र त्या डोक्यात कधी शिरलं नाही.

म्हणून खड्डा भरूच द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. स्वतः डबा घेऊन नाल्याकडे जायचे. बायको गोपिका गुडघ्यांनी अधू, तिला तेवढी घरचा संडास वापरायची सूट. पण ती आत गेली की हे दाराबाहेर येरझाऱ्या घालणार. मला त्यांचा भारी राग यायचा.

या उन्हाळ्यात गोपिकाला लघवीची आग सुरू झाली, मग थंडी वाजून ताप. नागपूरला दवाखान्यात न्यावं लागलं. महादेवरावांसोबत मीही होते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पाणी किती पिता? गोपिका म्हणाली, दिवसाला एखादा गिलास.

"काहून वं, घरी पाण्याची कमी हाय का?" महादेवराव चिडले.

"पाणी पेलं की जा लागते," ती भिंतीकडे पाहत म्हणाली. "गेली की खड्डा भरते. तुमी बाहेर फिरत राहता ना."

महादेवराव उठले, बसले, परत उठले, आणि कोणाला न सांगता गावाची बस धरली. घरी येऊन त्यांनी लोखंडी सब्बल घातली आणि झाकण उचकटलं. नंतर त्यांनीच मला सांगितलं, पाव खड्डाही भरला नव्हता.

गोपिका घरी आली त्या दिवशी त्यांनी स्वतः तांब्या भरून तिच्यापुढे धरला.

"पे. खड्डा रिकामाच हाय. म्या पाह्यला."

ती दोन घोट प्यायली. मग तिची नजर संडासाच्या दाराकडे गेली आणि तिने तांब्या खाली ठेवला.

"राहू द्या," ती म्हणाली. "मंग पेईन."

महादेवराव तांब्यापाशी उभेच राहिले.