विमलाबाईनं कोळ्याची बाजू घेतली

भाईंदरला जेसल पार्कात आमच्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर विमलाबाई राहते. संगमेश्वराकडची, शास्त्री नदीच्या काठची. तिच्या घरात माणसं तीन: ती, मुलगा नीलेश आणि सून मिनल. कोळी किती, ते कोणी मोजले नाहीत. न्हाणीघराच्या कोपऱ्यात काडीसारख्या लांब पायांचा, जाळ्याला बोट लावलं की सगळं अंग गदगदा हलवणारा. खिडकीच्या काचेवर उडी मारून माशी धरणारा बारका. आणि लोखंडी कपाटामागं तळहाताएवढा चपटा एक, जाळंबिळं न विणता झुरळांवर जगणारा.

मिनल भाईंदरातच जन्मलेली. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात लांब झाडू घेऊन कोपऱ्यात उभी राहिली. विमलाबाई म्हणाली, "ता झाडू खाली ठेव. ह्या घरात कोळी मारत न्हाईत."

"मग काय करतात?"

"ऱ्हातात त्यांच्यासंगं."

ह्याला कारण होतं. मानेवर, गालावर, हातावर एकाएकी लाल पट्टा उठतो, आग होते, दुसऱ्या दिवशी पाण्याचे फोड येतात. आमच्याकडं त्याला 'कोळी मुतला' म्हणतात. शेजारचे हिंदीवालेही तेच म्हणतात, फक्त त्यांची मकडी असते. तर हा मुतलेला कोळी विमलाबाई उतरवते. सहाणेवर गेरू उगाळायचा, त्यात दुर्वांचा रस घालायचा, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचं आणि अनशापोटी तीन रविवार लावायचा. हे तिला सासूनं दिलं. देताना एकच अट घातली होती. ज्याच्या हातात ही विद्या, त्यानं आपल्या घरातला कोळी मारायचा नाही. मारला की विद्या गेली.

तीस वर्षं तिनं स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात ताटं पुसून कागदात गुंडाळली. तिथं तिला 'ए बाई' म्हणत. पण आषाढ लागला की दिवाळीपर्यंत दर रविवारी सकाळी तिच्या दारात चपला मावायच्या नाहीत. मोरव्यापासून मीरा रोडपर्यंतची माणसं यायची आणि तिला 'आई' म्हणायची. कोणाकडून तिनं एक नारळ घेतला नाही. तिला मान हवा होता, आणि तो तिनं कमावला होता. आमच्या बिल्डिंगचा पत्तासुद्धा लोक 'कोळीवाल्या बाईची बिल्डिंग' असाच सांगत.

जिन्यात प्लास्टिकची खुर्ची टाकून दशरथ बसायचा. महाडकडचा, तिच्याच कारखान्यातून निवृत्त झालेला. आलेल्यांना नंबर देणं, लहान पोरांना ओरडणं, कोणी चहा पिऊन आलाय का ते विचारणं ही कामं त्याला कोणी दिली नव्हती. त्यानं ती घेतली होती.

गेल्या श्रावणातल्या एका रविवारी सिल्व्हर पार्कातून रुचिता नावाची बाई आली. बँकेत नोकरीला. बरोबर सहा वर्षांची मुलगी, इशिता. पोरीच्या कपाळाच्या कडेपासून लाल पट्टा खाली उतरलेला आणि डावा डोळा सुजून बारीक झालेला.

"मी डॉक्टरकडेच नेणार होते," रुचिता म्हणाली, "पण सासूबाई म्हणाल्या, आधी विमलाबाईंचा हात लागू दे."

विमलाबाईनं बोटावर गेरू घेतलेला. इशिता मान वर करून भिंती बघत होती. म्हणाली, "आजी, तुमच्याकडे किती कोळी आहेत. ते तुमच्यावर शू नाही करत?"

जिन्यातली माणसं हसली. दशरथ म्हणाला, "त्यांची हिंमत हाय काय, आईंवर करायची!"

विमलाबाई हसली नाही. तिनं रुचिताला विचारलं, "तुमच्या घरात कोळी लय हायत?"

"एकही नाही हो. नवीन फ्लॅट आहे. दर तीन महिन्यांनी औषध फवारून घेतो. पाल नाही, मुंगी नाही. हा एवढा कोळी कुठून आला तेच कळत नाही."

बाईनं बोटावरचा गेरू सहाणेला पुसला. "डोळ्याला मी हात लावनार न्हाय. आत्ताच्या आत्ता डोळ्याच्या डॉक्टरकडं जा. पत्ता लिवून द्या मना. उद्या संध्याकाळी मी येतंय."

"तुम्ही? आमच्याकडे?"

"मंग काय तुमच्या सासूच्या माहेरी?"

त्या रविवारी उरलेल्यांना तिनं गेरू लावला, पण मिनल सांगते, मंत्र दोनदा चुकला. दुपारी जेवताना विमलाबाई बोलू लागली. जिथं कोळी औषधालाही नाही तिथं पोरीचा डोळा सुजला. आणि इथं तीस वर्षं कोळ्यांच्या वस्तीत माणसं झोपतात, एकाच्या अंगावर एक फोड नाही. कोळी बारा महिने भिंतीवर असतो. फोड मात्र आषाढ ते दिवाळीच का? आणि नेहमी मानेवर, तोंडावर, कोपराला. उघड्या अंगावरच. लुगड्याखाली कधी कोळी मुतलेला तिनं बघितला नव्हता.

"आई, तुम्हांला इतकी वर्षं सुचलं नाही हे?" मिनल म्हणाली.

"सुचलां असता तर आज जेवन गोड लागलां असता," विमलाबाई म्हणाली आणि ताटावरून उठली.

सोमवारी दिवेलागणीला ती रिक्षानं सिल्व्हर पार्कात गेली. तिसरा मजला. मागं मोकळं मैदान, गुडघाभर गवत, डबकी. इशिताच्या खाटेच्या बरोबर वर पांढरी ट्यूब. विमलाबाई खाटेवर बसली आणि नुसती बघत राहिली. रुचितानं चहा दिला, तो निवला. अंधार पडला तशी ट्यूबभोवती चिलटं जमली. मग चादरीवर काहीतरी टपकन पडलं.

मुंगीहून जरा लांब किडा. मधे नारिंगी, डोकं काळं, शेपटाचं टोक काळं. चालताना शेपूट वर उचलून चालत होता. आम्ही भातशेतीतल्या सगळ्यांनी हा किडा बांधावर हजारदा बघितलाय. कधी त्याला नावसुद्धा ठेवलं नाही, इतका तो क्षुल्लक. विमलाबाईनं कमरेची मिश्रीची डबी रिकामी केली आणि कागदाच्या कडेनं तो आणि मागून पडलेले आणखी दोन किडे आत ढकलले.

घरी येऊन तिनं जे केलं त्यावरून घाबरून मिनलनं नीलेशला त्याच्या कामावर फोन केला होता. तिनं डाव्या हाताच्या कोपरात एक किडा ठेवला आणि बोटानं चिरडला. मग कपाट सरकवून तो चपटा मोठा कोळी स्टीलच्या पेल्याखाली धरला आणि पेला उजव्या हातावर उपडा केला. अर्धा तास ती तशी बसली.

"आई, चावला तर?"

"चावू दे. तेच बगायचां हाय."

कोळी पेल्यात गोल गोल पळाला. तिनं पेला कलता केला, फट दाखवली, बोटानं त्याला ढोसलं. त्यानं पुढचे पाय उचलून दाखवले आणि फट दिसताच तिच्या मनगटावरून, पदरावरून, भिंतीवर गेला. चावायला सवड होती, जागा होती, रागही यायला हरकत नव्हती. त्याला फक्त जायचं होतं.

मंगळवारी संध्याकाळी डावा कोपर लाल झाला. बुधवारी फोड आले. आणि हात मिटल्यावर जिथं कातडीला कातडी लागते तिथं समोरासमोर दुसरा तसाच डाग उठला, शिक्का मारल्यासारखा. ही जोडी तिनं शेकडो लोकांच्या कोपरात बघितली होती. 'कोळी दोनदा मुतला' असं ती सांगत आली होती. उजव्या हातावर मात्र जुना तीळ होता तेवढाच.

मिनल म्हणाली, "आता काय करणार? कोणाला सांगू नका. गेरू लावत राहा. फोड आठ-दहा दिवसांत आपले आपण बसतातच, कोणाचं काय वाईट होतंय?"

विमलाबाई म्हणाली, "त्या पोरीचा डोळा जायचा होता माज्या नावावर."

सगळ्या बिल्डिंगनं पुढचा रविवार बघितला, म्हणून सांगतो. जिन्यात पंधरा-सोळा माणसं. दशरथ नंबर वाटून बसलेला. दार उघडलं तर बाईच्या हातात सहाण नाही. तिनं दोन्ही बाह्या वर केल्या आणि हात पुढं धरले.

"ह्या हातावरनं कोळी चालवला," उजवा हात दाखवून ती म्हणाली. "आनि ह्या हातावर हा किडा चिरडला." मिश्रीची डबी उघडून तिनं पुढच्या माणसाच्या नाकाखाली धरली. "बगून घ्या. कोळी मुतत न्हाय. हा किडा बत्तीवर येतो, मानेवर पडतो, तुमी झोपेत चिरडता. त्याचां पानी लागतां. हात लावू नका त्याला, फुंकर मारून उडवा. लागलाच तर लगेच साबनानं धुवा. फोड आला तर डॉक्टर. गेरू आजपासून बंद."

मग दशरथ खुर्चीतून उठला. "मग तीस वर्षं तू लोकांना काय चोळलंस गो?"

"गेरू."

"म्हणजे सगळं खोटं?"

"चुकीचां. मना ठाऊक नव्हतां तवर चुकीचां. आता ठाऊक हाय, आता लावला तर खोटां."

"सासूला खोटी पाडलीस. तिनं दिलेली विद्या."

इथं विमलाबाईचा आवाज चढला. तेवढाच. "माजी सासू खोटारडी न्हवती. तिच्या घरात कंदील होता. त्या उजेडात तिला भिंतीवरचा कोळी दिसला, ता तिनं सांगितलान. माज्या घरात ट्यूब हाय. मना जास्त दिसलां. एवडाच."

मागून एक म्हातारी म्हणाली, "ते सगळं ठीक हाय बाय, पण मला थोडा लाव. लांबून आलेय."

"न्हाय."

"पण कोळी चावतो तरी ना?" एका पोरगेल्या माणसानं विचारलं.

"त्याचा दात झुरळाच्या मापाचा. विख तो शिकारीसाठी राखून ठेवतो. तुमच्यावर कशाला खर्च करील? तुमी काय त्याच्या तोंडात मावनार? हातात धरून दाबलात तर चावेलही, मुंगी चावते तसा. पोटाखाली पांढरी चकती घेऊन बसलेली मादी असली तर ती तिची अंडी. तिथं बोट घालू नका. कोणाच्या पोरात बोट घातलां तर तुमी काय कराल?"

अर्धी माणसं हसली आणि अर्धी निघून गेली. जाताना एकानं 'फुकट रिक्षा पडली' असं ऐकू येईल एवढ्यानं म्हटलं. दशरथनं खुर्ची उचलली आणि आपल्या घरात नेली. दहाच्या सुमारास रुचिता आली. इशिताचा डोळा उघडला होता. डॉक्टरांनी थेंब दिले होते आणि म्हणाले होते की हे किड्यामुळे होतं, कोळ्याचा काही संबंध नाही. उशीर केला असता तर डोळ्याला जड गेलं असतं. हे रुचितानं सगळ्या जिन्याला ऐकवलं, पण जिन्यात तेव्हा चारच माणसं उरली होती.

त्यापुढच्या रविवारी विमलाबाई अंघोळ करून, नीट लुगडं नेसून दारात बसली. कोणी आलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. ती आठ ते अकरा बसून राहिली. मिनल म्हणाली, आत या. ती म्हणाली, "माजी येळ हाय ही."

तिसऱ्या रविवारी मोरव्याचा लवू आला, मानेवर ताजा पट्टा घेऊन. त्याला काही ठाऊक नव्हतं. "कोली मुतलाय बोलतात. गेरू लाव."

"बस. झोपतोस कुठं?"

"वट्यावर."

"वर बत्ती हाय?"

"हाय ना. मोठी, पांढरी."

"ती बंद कर नायतर खाट सरकव. साबनानं धुतलास? न्हाय? जा, त्या मोरीवर धू. आनि उद्या डॉक्टरला दाखव."

लवूनं मान तशीच पुढं धरली. "गेरूसाठी आलो मी एवडा लांब. धुवाला तं माज्या घरात पन मोरी हाय."

"मंग तिथं धू," विमलाबाई म्हणाली.

तो कुरकुरत गेला. आठवड्यानं त्याची वहिनी आली, तिच्याबरोबर आणखी तिघी मोरव्याच्या. एकीच्या गालावर फोड होते, बाकीच्या नुसत्या विचारायला आलेल्या. दारात चपला काढता काढता वहिनी म्हणाली, "लवूभावजी बोलले, बाय काय लावीत नाय, पन खरा बोलते."

विमलाबाई सरकून बसली आणि त्यांना बसायला जागा केली. डाव्या कोपरातला डाग अजून काळा होता. पदरानं तिनं तो झाकला नाही.