हलूमाआजीची पळी

महबूबाबाईंच्या हातात कला होती, हे आमच्या डोंगराकडच्या गावात त्यांच्याशी न पटणारेही कबूल करत. फाटका मोजा मिळाला की त्यातून बडबडगीतातला साप निघे, अंड्यांच्या खोक्यातून कोंबडीची पिल्लं, हरिसाच्या, म्हणजे लाल मिरचीच्या चटणीच्या, रिकाम्या डब्यातून हट्टी गाढव. एकतीस वर्षं बालवाडीत त्यांनी हेच केलं. विकतची वस्तू त्यांना चालत नसे. कोणी दुकानातला चकचकीत कागद आणला तर बाई तो परत दप्तरात ठेवायला लावत आणि म्हणत, "घरी काय मेलं काहीच नाही का? शोध जा."

या सगळ्या मंडळींत मान पळीआईचा. पावसानं ओढ दिली की शोरब्याच्या मोठ्या पळीला आडवी काठी बांधून हात करायचे, फडकं नेसवायचं, आणि तिचं गाणं म्हणत पोरांनी दारोदार फिरायचं. घरोघरच्या बायका तिच्यावर तांब्याभर पाणी ओततात. पळी मात्र वापरातली हवी, जिनं माणसं जेवू घातली अशी. कोरी पळी आमच्याकडे कोणी मिरवत नाही, आणि हे पोरांना शिकवणाऱ्याही बाईच.

त्या वर्षी मार्च, आमच्याकडचा पावसाचा महिना, कोरडा गेला. बाईंनी ठरवलं, मुलांनी केलेल्या बाहुल्या आधी आयांना दाखवायच्या आणि मग पळीआईची फेरी काढायची. पळी कोण आणणार म्हणून विचारलं तर सगळ्यांत आधी रिहामनं हात वर केला. पाच वर्षांची, हाडकुळी पोर. आई तिकडे किनाऱ्यावरच्या शहरात लोकांच्या घरी कामाला, आणि ही गावाच्या टोकाला हलूमाआजीपाशी.

फेरीला चार दिवस असतानाच रिहामनं आणलेली पळी अॅल्युमिनियमची होती. बूड काळं, एक कड झिजून गेलेली, दांडा तारेनं आवळलेला. तिला रिहामनं पिठाच्या पोत्याचं फडकं नेसवलं होतं आणि कोळशानं डोळे काढले होते, एक मोठा, एक बारीक. पोर त्या बाहुलीकडे बघून हसत होती. बाईंना हसू आलं नाही. त्या स्वतः मेंढपाळाच्या घरात वाढलेल्या. पाच माणसांत एक थाळा, आणि असलीच एक काळी पळी. शाळेत असताना मैत्रिणींना घरापर्यंत येऊ द्यायचं नाही, कोपऱ्यावरूनच परत पाठवायचं, हे त्यांनी लहानपणीच शिकून घेतलं होतं. गावात मान मिळाला, पक्कं घर झालं, तरी ती लाज काही गेली नव्हती. त्यातून आयांमध्ये औषधांच्या दुकानवाल्याची बायको येणार होती, आणि ती सगळ्याचं फोनवर चित्रण करते हे ठाऊक होतं.

फेरीच्या दिवशी मुलं नळावर हात धुवायला गेली तेवढ्यात बाईंनी ती पळी उचलली, फडकं ओढून काढलं आणि दोन्ही कचऱ्याच्या खोक्यात तळाशी दाबलं. बाजारातून आणलेली नवी लाकडी पळी त्यांनी कपाटात आधीपासून ठेवली होती. तिला लाल रेशमी कापड, चंदेरी किनार, रंगवलेले ओठ. खाली चिठ्ठी लावली, 'रिहाम'. आधीपासून ठेवली होती, हे मी मुद्दाम सांगतो आहे. ऐनवेळी हात चुकला असं पुढे बाईंनाही स्वतःला सांगता आलं नाही.

औषधवाल्याची बायको म्हणाली, "अगंबाई, पाच वर्षांच्या पोरीनं केली ही?" बाईंनी मान डोलावली. रिहाम काहीच बोलली नाही. पोर बुजरी आहे, असं बाईंनी मनाशी ठरवून टाकलं.

मग तीच कोरी पळी घेऊन फेरी निघाली. हलूमाआजीचं दार शेवटचं. म्हातारी तांब्या घेऊन कधीची उभी होती. पळीआईकडे तिनं जरा वेळ पाहिलं, बिस्मिल्ला म्हणून पाणी ओतलं, आणि बाईंना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "बाई, आमची पळी कधी येईल परत? चार दिवस झाले, कॉफीच्या कपानं शोरबा वाढते आहे. घरात ती एकच."

बाई म्हणाल्या, "शाळेतच आहे, उद्या पाठवते."

दुसऱ्या दिवशी खोकं रिकामं होतं. भंगार वेचणारा सगळं घेऊन गेला होता. बाई त्याच्या वाड्यावर गेल्या, दुपारभर पत्रे आणि डबे उपसले, बोटं कापून घेतली. पळी भंगाराच्या गठ्ठ्यात दाबली जाऊन शहराकडे गेली होती. तेव्हा त्यांनी घरी येऊन आपल्या आईची तांब्याची पळी काढली, लग्नात आलेली, नक्षीची. ती घेऊन हलूमाआजीकडे गेल्या आणि म्हणाल्या, "तुझी माझ्याकडून हरवली गं आजी. ही ठेव."

म्हातारी गहिवरली. एवढी मोठी बाई, आपल्या आईची वस्तू देते. तिनं दुवा दिल्या आणि रिहामला बाईंच्या हाताचा मुका घ्यायला लावला. रिहामनं घेतला. बाईंनी घेऊ दिला.

रिहाम कोपऱ्यापर्यंत सोबत आली. तिथं थांबून म्हणाली, "बाई, मी आजीला नाही सांगितलं."

"काय?"

"तुम्ही ती कचऱ्यात टाकलीत ते. मी नळावरून बघितलं. आजीला वाटलं असतं, आमची पळी घाण होती."

बाई उभ्या राहिल्या. आपण लपवायला शिकलो तेव्हा एवढ्याच होतो, हे त्यांना आठवलं. पण आपल्याला कोणी शिकवलं नव्हतं, आपलं आपण शिकलो. हिला मात्र आपण शिकवलं.

"चल," त्या म्हणाल्या.

"नको ना बाई."

पण त्या परत गेल्या. हलूमाआजी चुलीपाशी बसून तांब्याच्या पळीनं शोरबा ढवळत होती. "काही विसरलीस का?" तिनं विचारलं.

बाई उंबऱ्यावरच बसल्या. "तुझी पळी हरवली नाही, आजी. मी टाकली. चारचौघांत मला तिची लाज वाटली."

म्हातारी ढवळायची थांबली. "काळी होती," ती म्हणाली. "पण टाकायची नव्हती."

तिनं तांब्याची पळी शोरब्यातून काढली, पदराला स्वच्छ पुसली आणि बाईंच्या हातात दिली. आवाज चढवला नाही, दुवाही परत मागितल्या नाहीत. मग फळीवरचा कॉफीचा कप घेतला, पातेल्यात बुडवला आणि रिहामच्या वाडग्यात शोरबा ओतला. एका कपानं वाडगं भरेना. तिनं दुसरा घातला, मग तिसरा, आणि बाई हातात पळी धरून ते बघत बसल्या.