तबकडीवरचं कुंकू

एक बाजू कोरी असलेली तबकडी एकच उरली होती, आणि आईनं तिलाच हळदकुंकू लावून ठेवलं होतं.

मी अशी भडकले की विचारू नका. "अगं, यंत्राला लाव, टेबलाला लाव, तबकडीला कशाला?" ती शांतपणे म्हणाली, "पयल्यांदाच त्यांचा आवाज उमटनार हाय तिच्यावर. तसंच कसं सुरू करायचं?"

दुसऱ्या दिवशी नगरला माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या घशाचं ऑपरेशन होतं. स्वरयंत्र काढावं लागेल, नंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मोबाईलवर मी अण्णांचं बोलणं भरून घेतलं होतंच, पण त्यांना ते पुरेना. नागापूरच्या कारखान्यात लेथवर टर्नर असताना त्यांनी भंगारातून हे ग्रामोफोनच्या तबकड्या कोरायचं जुनं यंत्र उचललं होतं आणि निवृत्त झाल्यावर देवळालीच्या घरी बसून दुरुस्त केलं होतं. साऱ्या गल्लीचे आवाज त्यावर कोरून झाले, स्वतःचा तेवढा राहिला. "माजा काय, कवाबी हुईल," म्हणायचे.

यंत्र दिसायला लेथचं धाकटं भावंडच. जड थाळी फिरते, तिच्यावर लॅकरचा मऊ थर दिलेली तबकडी. वरची कोरणी आट्यांच्या लांब दांड्यावरून कडेकडून मध्याकडे हळूहळू सरकते. माइकमधल्या आवाजानं ती थरथरते, आणि ती थरथर खाचेत उतरते. बेतानं बोललं तर खाच नीट पडते. ओरडलं तर कोरणी हेलकावून शेजारच्या खाचेत घुसते. चुकलं तर खोडायची सोय नाही.

तबकडीची एक बाजू चाचणीतच वाया गेली होती. या बाजूला मध्याजवळ आईचं कुंकू. मी पुसायला गेले तर अण्णांनी हात धरला. "ऱ्हाऊ दे. पुसलं तर समदीकडं पसरंल. कोरनी तिथवर जायच्या आत थांबू." म्हणजे त्याआधी अण्णांचं बोलणं संपायला हवं होतं. आणि अण्णांचं बोलणं वेळेत संपल्याचं मला तरी आठवत नाही.

उसाची ट्रॉली गेली की आमच्या घराची जमीन हादरते, म्हणून रस्ता मोकळा व्हायची वाट बघत बसलो. ट्रॉलीचा आवाज विरल्यावर मी कोरणी टेकवली. कोरताना सुटणारा लॅकरचा काळा दोरा ब्रशनं बाजूला लोटायचं काम माझं. तो कोरणीखाली सापडला की संपलंच सगळं.

अण्णा बोलू लागले. काय बोलले? मोटरसायकलचं ऑइल बदला. पाण्याची मोटर कोरडी चालवू नका. कुत्र्याला तिखट घालू नका. मला इतका राग आला! आयुष्यभराचा आवाज, आणि त्यात ऑइल! मी डोळे वटारून कुंकवाकडे बोट दाखवलं. कोरणी अगदी जवळ आली होती.

अण्णांनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या आईकडे पाहिलं. मग शिफ्टवरून आल्यावर फाटकातून द्यायचे तश्शीच हाळी दिली. घराची कडी त्यांनी जन्मात कधी वाजवली नव्हती.

"अगं ए, आलो मी! दार उघड!"

कोरणी हेलकावली. मी झटक्यात उचलली.

"खराब केलीत ना अण्णा!" मी ओरडले. ते घसा धरून हसले.

ऑपरेशन नीट झालं. आता अण्णा हातवारे करतात, नाहीतर पाटीवर लिहितात. तबकडी लावायचं धाडस बरेच दिवस कोणालाच झालं नाही. मग एका दुपारी त्यांनीच लावली. ऑइल, मोटर, कुत्रा, सगळं स्वच्छ वाजलं. शेवटी हाळी आली, आणि बिघडलेल्या खाचेतून सुई मागच्या फेऱ्यात घसरली.

"अगं ए, आलो मी! दार उघड!" पुन्हा तेच. पुन्हा तेच.

मी सुई उचलायला पुढे झाले. अण्णांनी माझा हात धरला. आई पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून आली, अण्णांच्या अगदी समोरून गेली आणि तिनं दाराची कडी काढली.