बीडला कमी काय हाय?

"बीडला कमी काय हाय?" असं विचारून आमचे अप्पा समोरच्याच्या छातीवर दोन बोटं टेकवायचे आणि उत्तर मिळेपर्यंत काढायचे नाहीत. समोर शिपाई असो नाहीतर चेअरमन. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, की ते लांबून येताना दिसलं तरी आपला हात आपोआप शर्टाच्या गुंडीकडे जातो. माझा जायचा. त्याचा उपयोग मात्र कधी झाला नाही.

आता खरं तर बीडला काय कमी नव्हतं, हेच विचारायला हवं होतं. पावसानं पाठ फिरवलेली, नळाला पाणी कधी येईल ते नळालाही ठाऊक नाही, तालुक्या-तालुक्यात चारा छावण्या. रेल्वे येणार, येणार असं आमचे आजोबा ऐकत गेले आणि आम्ही ऐकत म्हातारे झालो. आणि या गृहस्थांना बीडसाठी काय हवं होतं? फुटबॉलची टीम. पोरांची नाही हो. पगारी खेळाडूंची, टीव्हीवर दिसणारी, खरीखुरी टीम. त्यांनी पहिल्यांदा हे मला सांगितलं तेव्हा माझ्या हातातला चहा बशीत सांडला होता.

आम्ही दोघं दूध संघात. मी ऑफिसात, ते मागच्या शीतकरण केंद्रावर सुपरवायझर. सगळे त्यांना अप्पा म्हणत. गळ्यात काळ्या दोरीत ओवलेली शिट्टी असायची, अंगावर खाकी शर्ट आणि पायात कॅनव्हासचे बूट. गावोगावच्या गाड्या दुधाचे कॅन घेऊन आल्या आणि कुणी रांग मोडली की शिट्टी वाजायची. शिट्टी वाजली की रांग मोडणारा निमूट मागं जायचा. पोलिसांना जे जमत नाही ते त्यांना जमायचं.

एकदा त्यांच्या दाजींच्या कॅनमध्ये पाणी निघालं. दाजी म्हणजे सख्ख्या बहिणीचा नवरा. आम्ही सगळे माना खाली घालून उभे. अप्पांनी शिट्टी वाजवली, कॅन स्वतः उचलून दाजींच्या गाडीवर परत ठेवला आणि म्हणाले, "दाजी, फाऊल. घरी नेऊन ताक करा." त्या राखीपौर्णिमेला बहीण आली नाही. मला वाटलं, आता तरी शिट्टी खुंटीला लागेल. तर दुसऱ्या दिवशी पहाटे तीच शिट्टी, तसाच आवाज. माझा या माणसाचा अचंबा करण्यातच जन्म गेला म्हणा ना.

फुटबॉलचं वेड त्यांनी हैद्राबादेहून आणलं होतं. लहानपणी मावशीकडं शिकायला होते. शिक्षण तिथंच राहिलं, फुटबॉल तेवढा बरोबर आला. शीतकरण केंद्राच्या मागं संघाच्या मालकीचा माळ होता. तिथं दर रविवारी ते कॉलेजची, पोलीस लाइनीतली पोरं जमवायचे. लाल कार्ड म्हणजे चहाच्या पुड्याचा कापलेला लाल कागद. तो त्यांनी एकदा चेअरमनच्या पुतण्याला दाखवला. पुतण्या म्हणाला, "अप्पा, मी कोण हाय माहीत हाय ना?" अप्पा म्हणाले, "माहीत हाय की. धक्का मारणारा हायेस."

मग एक दिवस बातमी आली, की फुटबॉलच्या मोठ्या लीगमध्ये एक टीम वाढवायची आहे आणि ती लहान शहराला द्यायचा विचार आहे. ज्या शहराला वाटतं त्यानं अर्ज करावा. मी मनात म्हटलं, करेल कोल्हापूर. तिथं पोरं आईच्या कडेवरून उतरतात ती थेट फुटबॉलवर. आमच्याकडं पोरं उतरतात ती टँकरच्या रांगेत. पण अप्पांनी दोन बोटं चेअरमनच्या छातीवर टेकवली. संघाची निवडणूक तोंडावर होती, चेअरमनला नाव हवंच होतं. अर्ज गेला. आणि ऐका, लीगची माणसं मैदान आणि प्रेक्षक बघायला बीडला येणार म्हणून कळलं. मी खुर्चीत बसलो होतो म्हणून बरं.

मैदानाला गवत हवं. दुष्काळात गवत! अप्पांनी काय करावं? केंद्रावर रोज शेकड्यांनी कॅन धुतले जात आणि ते पाणी मागच्या नाल्यात जाई. त्यांनी नाल्यालाच आडवा बांध घातला, पाइप टाकला आणि ते पांढुरकं, आंबूस वासाचं पाणी माळावर सोडलं. लोक बोलायला लागले, माणसांना प्यायला नाही आणि हे गवताला पाजतात. त्यावर अप्पा पाण्याची बादली समोर धरायचे. "प्या की. जनावर बी तोंड लावत न्हाई ह्याला." काही महिन्यांत माळावर हिरवं दिसू लागलं. विरळ, पण हिरवं. मैदानाला आंबलेल्या दुधाचा वास यायचा आणि अप्पांना तो अत्तरासारखा वाटायचा. संध्याकाळी अनवाणी फिरायचे त्यावर. "भाऊ, बूट काढून या," मला म्हणायचे. मी एकदा गेलो. खोटं कशाला बोलू, तळपायाला बरं वाटलं.

प्रेक्षकांचं काम चेअरमननं अंगावर घेतलं. आणि सहकारात माणसं जमवायची एकच रीत आम्हाला ठाऊक. वार्षिक सभेला जमवतो तशी. दुधाच्या ट्रकातून वाड्या-वस्त्यांवरचे सभासद आणि त्यांच्या घरच्या बायका आणायच्या, मंडपात बसवायच्या, चहा-चिवडा द्यायचा. अप्पा कुरकुरले. म्हणाले, "आपल्या पायानं येतील तेवढीच येऊ द्या." चेअरमन हसले. "अप्पा, आपल्या पायानं तर सभासद मतदानाला बी येत न्हाईत."

पाहणीच्या दिवशी दुपार टळल्यावर सामना सुरू झाला. कॉलेज विरुद्ध पोलीस लाइन. मुंबईहून आलेले लीगचे साहेब आणि त्यांच्या बरोबरची बाई पहिल्या रांगेत, गळ्यात सत्काराचे हार अजून तसेच. मैदान तर असं हिरवंगार, की मी डोळे चोळले. आदल्या दिवशीपर्यंत धुळीनं मळलेलं विरळ गवत एका दिवसात इतकं ताजं कसं झालं? पण अप्पा शिट्टी तोंडात धरून आत उभे होते आणि त्यांच्या तोंडावरचा आनंद बघून मी विचार सोडून दिला.

पहिला गोल झाला. आणि मंडपातून एका सुरात आवाज उठला, "मंजूर, मंजूर!"

बिचाऱ्यांचा काय दोष? संघाच्या मंडपात बसवलं, समोर काही तरी झालं, पुढचे लोक उठले, की हात वर करून मंजूर म्हणायचं, हीच त्यांना सवय. दुसऱ्या टीमनं गोल फेडला. तोही मंजूर. चेअरमन घामाघूम झाले. आणि मुंबईचे साहेब? ते चक्क खूष. "काय जोश आहे! असं कुठेच ऐकलं नाही," असं म्हणत त्यांनी स्वतः हात वर केला. बरोबरची बाई तर मोबाइलवर ते सगळं टिपत होती. अरे देवा, म्हटलं, बीडला टीम मिळतेय की काय.

तेवढ्यात चेंडू रेषेबाहेर गेला. मंडपाच्या कडेला, दगडांवर काही बायका बसल्या होत्या, मांजरसुंब्याकडच्या एका वाडीवरच्या. त्यातल्या एकीच्या ओटीत चेंडू जाऊन पडला. आणायला अप्पाच धावले. ती काही चेंडू देईना. तिनं मैदानाच्या कोपऱ्याकडं बोट केलं. तिथं शीतकरण केंद्राच्या भिंतीआड एक निळा टँकर उभा होता. मागच्या नळाला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली.

"दादा, ह्यो आमच्या वाडीचा टँकर हाय," ती म्हणाली. "ती ट्यूब म्याच गुंडाळलीय. काल आला न्हाई म्हून घागरी मांडून बसलो दिसभर. हितं कशाला आलता?"

मी जवळच होतो, सगळं ऐकलं. अप्पांनी टँकरकडं पाहिलं. मग पायाखालच्या गवताकडं पाहिलं. एका दिवसात गवत ताजं कसं झालं ते त्यांना त्या क्षणी कळलं आणि मलाही. चेअरमनचं काम. अप्पांचा चेहरा असा उतरला, की मला वाटलं आता हे खाली बसणार.

बसले नाहीत. चेंडू घेतला, काखेत मारला आणि शिट्टी फुंकली. लांब, श्वास संपेपर्यंत. खेळाडू थांबले. अप्पा भर सामन्यातून चालत मंडपाकडं आले.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"फाऊल हाय."

"कुणाचा?"

"आपला," अप्पा म्हणाले. "साहेब, ही माणसं आणल्याली हायेत. सभेला आणतो तशी. पाणी बी आणल्यालं हाय, ह्या बायांच्या तोंडचं. खालचं गवत तेवढं आमचं. ते लई विरळ हाय."

चेअरमन उठून उभे राहिले. साहेबांनी गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला आणि हळूच विचारलं, "मग मला सांगा, या शहराला टीम द्यावी का?"

मी अप्पांच्या बोटांकडं बघत होतो. आता ती दोन बोटं साहेबांच्या छातीवर जातील, असं मला अजूनही वाटत होतं. हात वर आलाच नाही. अप्पा म्हणाले, "आज न्हाई."

इतकं बोलून ते टँकरवाल्याकडं गेले, उरलेलं पाणी घेऊन वाडीवर जायला सांगितलं. बायकांना ट्रकात बसवलं. सामना तसाच अर्धा राहिला. मी मात्र कितीतरी वेळ त्या मंडपात बसून होतो. माणसानं स्वतःच्या हातानं स्वतःचं घर मोडावं, ते आपण बघावं, आणि त्याला चूक म्हणावं की बरोबर, हेही सुचू नये, असं मला झालं होतं.

टीम दुसऱ्या शहराला गेली हे काही सांगायला नको. संघानं माळाला कुलूप लावलं, पाइप उपटला. अप्पांची निवृत्ती जवळ आलीच होती, ते रजा टाकून लातूरला लेकीकडं गेले. जायच्या आधी मी त्यांच्यावर चिडलो. म्हटलं, "अप्पा, टीम आल्यावर पाणीही आणलं असतं, माणसंही आपोआप आली असती. एवढी काय घाई होती?" ते म्हणाले, "भाऊ, दाजीचा कॅन परत केला तवा तुमी गप ऱ्हायलात. आज माजा कॅन हाय म्हून काय झालं?"

गवत वाळलं. पोरांनी कुंपणाला भगदाड पाडलं आणि पुन्हा रविवारी धुळीत खेळू लागली. अशाच एका रविवारी कामासाठी मी ऑफिसात गेलो होतो. मागून शिट्टीशिवायचा गोंगाट ऐकू आला म्हणून बघायला गेलो, आणि भगदाडातच उभा राहिलो. दगडांवर तीन बायका बसल्या होत्या. मधली तीच, ट्यूबवाली.

"तुम्ही इथं कशा?" मी विचारलं. कुणी आणलं असेल, या विचारानं मी इकडंतिकडं ट्रक शोधत होतो.

"त्या दिशी खेळ आर्धाच ऱ्हायला की," ती म्हणाली. "पुढं काय झालं ते बगाय आलो. शिट्टीवालं दादा कुटं हायेत?"

"आलात कशानं?"

"यष्टीनं. फाट्यापस्तोर चालत आलो."

मी कोपऱ्यात जाऊन अप्पांना फोन लावला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बसवून ठेवा त्यान्ला. मी निघालोच."

लातूर काय शेजारच्या गल्लीत आहे? ते पोचले तेव्हा दिवस मावळायला आला होता, पोरं घरी गेली होती, बायका शेवटची गाडी चुकेल म्हणून कधीच निघून गेल्या होत्या. अप्पांच्या पायात तेच कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. मी अवघडून म्हटलं, "थांबल्या होत्या हो बऱ्याच वेळ."

"कुटं बसल्या व्हत्या?"

मी दगड दाखवला. ते जाऊन त्यावर बसले. इतक्या वर्षांत त्यांना मैदानाबाहेर बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आत ना गवत, ना पोरं, ना चेंडू. तरी सामना चालू असल्यासारखे ते डावीकडून उजवीकडं बघत राहिले.

आता ते नाहीत. माळावर संघाचं गोदाम झालं, तो दगडही त्याच्या पायाभरणीत गेला असेल. पण बीडला टीम मिळायला हवी होती का, असं कुणी विचारलं, की मला त्या संध्याकाळचं त्यांचं बोलणं आठवतं. त्यांनी माझ्याकडं न बघता हात लांबवला, दोन बोटं माझ्या छातीवर टेकवली आणि हळू आवाजात म्हणाले,

"भाऊ, त्या सायबानं आज इचारायला पायजे व्हतं."