हैबत्याच्या माडीतला दहीभात

आमच्या घरात आजवर लिहिण्याचं काम म्हणजे लग्नपत्रिकांवर पाहुण्यांची नावं घालणं. कॉलेजात गेलेला पहिला मी, म्हणून ते माझ्याकडं आलं. तेवढ्या अनुभवावर एकदम आठवण लिहायला बसलो, याची आधी माफी मागतो. शिवाय या आठवणीत मी तोंडावर पडतो. तेही दह्यात.

सुनीताताईला संभाजीनगरचं स्थळ आलं. मुलाचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, घर गुलमंडीच्या मागच्या गल्लीत. मी शहरात होस्टेलवर राहतो, म्हणून तात्यांनी (म्हणजे वडिलांनी) चौकशी माझ्यावर सोपवली. मी कळवलं, मुलगा निर्व्यसनी, घर दगडी, पाणी आठवड्यातून एकदा, म्हणजे शहराच्या मानानं उत्तम. एवढंच कळवलं नाही, की त्या घराला सगळी गल्ली 'हैबत्याची माडी' म्हणते. हैबत्या हा निजामाच्या काळातला दरोडेखोर. पोलिसांनी माडीला वेढा घातला तेव्हा तो जिना उतरू लागला, तो खाली पोचलाच नाही. अजून त्याच जिन्यात आहे म्हणतात. मी विज्ञान शाखेचा. भूत ही चौकशीत कळवायची गोष्ट आहे, असं मला वाटलं नाही.

तात्यांना ते घर बघायला येताना कन्नडच्या जीपमध्ये कळलं. जीपमधल्या लोकांना सगळं माहीत असतं. शहरात उतरताच त्यांनी मला धरलं.

"पोरगी द्यायला निघालो अन् तू भुताचं सांगितलं नाय?"

"भूत नसतं, तात्या."

"मग लोकं काय येडी हायेत का?"

ताई गावाकडंच होती (मुलीनं सासरचं घर आधी बघायची आमच्यात पद्धत नाही). तिनं फोनवर निकाल दिला. "मला पोरगा पसंत हाय. मला काय भुतासंगं नांदायचंय?" याआधीची सगळी स्थळं तिनंच नाकारली होती, त्यामुळं तात्या गप्प झाले. आई मात्र पहिल्यापासूनच गप्प होती. मी तिथंच सावध व्हायला हवं होतं.

भर दुपारी त्या जिन्यात काळोख. मी म्हणालो, "या माझ्या मागं." आई सगळ्यात शेवटी थांबली. "तुमी व्हा पुढं. मी पदर नीट करून आले."

वर पोहे आले, चहा आला, बोलणी रंगली. मुलाची आई मला म्हणाली, "जिन्यात भ्यायला नाही झालं ना?" मी अंधार म्हणजे फक्त प्रकाशाचा अभाव, यावर छोटंसं भाषण केलं. तेवढ्यात तात्यांना आठवलं, पेढ्यांचा डबा खाली ओट्यावरच राहिला.

"मी आणतो," मी उठलो. मोबाइलची बॅटरी लावता आली असती, पण नुकतंच भाषण झालं होतं.

वळणाच्या वर एका पायरीवर माझा पाय कशावर तरी पडला आणि ते गरगरलं. (लिंबू होतं. ते गोल असतं, हे विज्ञानालाही मान्य आहे.) मी पालथा आदळलो आणि काहीतरी थंडगार, लिबलिबीत माझ्या तोंडाला चिकटलं. हैबत्या! त्या क्षणी माझी विज्ञान शाखा सुटली. "आई गं!" करत मी खाली धावलो. समोरून शेजारचे अत्तरवाले रहीमचाचा जिना चढत होते. त्यांनी मला पाहिलं आणि माझ्याही पुढं धावत गल्लीत नाहीसे झाले.

मी बाहीनं तोंड पुसत होतो तोवर वरची मंडळी उतरली. जिन्यात पत्रावळ, दहीभात, हळदकुंकू, लिंबू.

"आमच्या जिन्यात करणी कुणी केली?" मुलाची आई म्हणाली.

तात्यांनी आईकडं पाहिलं. आई पुढं झाली. "करणी नाय हो. म्या ठेवलं. माझी लेक या घरात येणार, तिला सांभाळ म्हणून त्याला जेवू घातलं."

"कळवतो," एवढंच मुलाची आई म्हणाली.

तात्या अन् आई जीपनं गावी परतले. रात्री ताईचा फोन आला. "तुला एवढं शिकवलं, जिना उतरायला नाय शिकवलं का कुणी?" मग ती रडली. पुढचे कित्येक दिवस मी अभ्यासाला बसलो की मला फक्त दहीभात दिसायचा.

शेवटी तात्यांचा फोन आला. "जमलं. त्या म्हनल्या, आमच्या भुताला आजवर समद्यांनी शिव्याच दिल्या, जेवायला कुणीच नाय घातलं. असली विहीण सोडायची नाय."

मी पेढे घेऊन थेट गल्लीत गेलो. पहिला पेढा रहीमचाचांना दिला. त्यांनी मला ओळखलं नाही.

"मुबारक हो बेटा," ते म्हणाले आणि आवाज खाली आणला. "लेकिन लड़की को बोलो, जीने में संभल के. हैबत्या अब दिन में दिखता. मैं खुद देखा. पूरा मुंह सफेद!"

मी डबा परत पुढं केला. "वो तो कोई मेहमान फिसला था ना, चाचा?"

"ऊपरवाली भाभी भी यहीच बोलती. मेहमान ऐसा रहता क्या?"

"मग डाकूसारखा दिसत होता?"

चाचांनी पेढा खात विचार केला. "नहीं रे. डाकू जैसा बिल्कुल नहीं. दुबला, डरपोक… पढ़ा-लिखा लगा मेरे को."

घराण्यातल्या पहिल्या कॉलेजवाल्याला पाहताक्षणी कुणीतरी शिकलेला म्हणालं, ते हे असं.