ब्याण्णव अंश

आमच्या धाकट्याला चांगली बातमी पचतच नाही. लहानपणी पास झाला तरी दोनदा जाऊन निकाल बघून यायचा, कुणीतरी चुकून नाव लावलं असेल म्हणून. डॉक्टर म्हणाले साधा ताप आहे, तर याचं तोंड एवढंसं. डॉक्टर लपवतायत म्हणे. मी त्याची मोठी बहीण. हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

इमारत बांधायच्या आधी ती कशी दिसेल, याची फिल्म कॉम्प्युटरवर तयार करायची हे त्याचं काम. जुन्या ऑफिसात तो वापरत असताना एक कॉम्प्युटर तापून जळला. दोष कुणाचाच नव्हता, पण खापर याच्या डोक्यावर फुटलं आणि नोकरी गेली. तेव्हापासून तो माझ्याकडेच असतो. मी कपडे शिवते. पुढच्या खोलीत एका भिंतीला माझं शिलाई मशीन, समोरच्या भिंतीला त्याचा कॉम्प्युटर आणि मध्ये इस्त्रीचं टेबल.

अखेर एका बांधकाम कंपनीने त्याला फिल्म करायला दिली. सोमवारी दाखवायची, पसंत पडली तर कायमची नोकरी. दुसरा कुणी पेढे वाटत सुटला असता. याला घोर लागला की फिल्म तयार होताना कॉम्प्युटर तापणार आणि मागच्यासारखा जळणार. मग प्रोसेसरचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूचं, तापमान अचूक दाखवणारं सॉफ्टवेअर शोधायला बसला. तीन मिळाली. एकाच वेळी तिन्ही लावून बघितली. पहिल्याने दाखवलं बहात्तर अंश, दुसऱ्याने एकाहत्तर, तिसऱ्याने ब्याण्णव.

आता कुठलाही शहाणा माणूस काय करेल? पण आमचे बंधुराज म्हणाले, ते दोघं मिळून खोटं बोलतायत. दोन्ही काढून टाकली आणि ब्याण्णववालं ठेवलं. त्यात एक सोय होती, आकडा नव्वदच्या वर गेला की कॉम्प्युटर आपोआप बंद. ती त्याने चालू केली. आता जळायची भीती नाही म्हणाला, आणि खरं सांगते, मलाही बरं वाटलं.

पण फिल्म जरा पुढे सरकायची की कॉम्प्युटर खट्कन बंद. गार होईपर्यंत थांबायचं, पुन्हा लावायचं, पुन्हा बंद. त्याने पेटी उघडून धूळ काढली, प्रोसेसरवरची उष्णता ओढून घेणारी पेस्ट नवी लावली, टेबलफॅन जवळ ओढला. मग माझी इस्त्री बंद केली, खोली तापते म्हणून. मी गपचूप बंद केली. कपड्यांचा ढीग लागला, गिऱ्हाइकं तोंड वाकडी करून जायला लागली. एका सकाळी त्याने नुकताच कॉम्प्युटर लावला होता आणि आकडा होता पंचावन्न. मी पेटीला हात लावला तर गारढोण. एवढ्यात हिला ताप कसा भरला, असं विचारलं तर आतलं बाहेरून कळत नाही म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. काढून टाक म्हटलं ते मेलं सॉफ्टवेअर, होऊ दे काय व्हायचं ते.

“आणि जळलं तर, ताई? परत माझ्याच हातून?”

मी इस्त्रीची वायर गुंडाळून ती कपाटात ठेवून दिली.

सोमवारी निम्मी फिल्मसुद्धा झाली नव्हती. त्याने कंपनीला फोन करून कॉम्प्युटर बिघडल्याचं सांगितलं. ते रागावलेही नाहीत. गोड बोलले, शुभेच्छा दिल्या आणि काम दुसऱ्याला दिलं.

त्याने कॉम्प्युटरकडे बघणंच सोडलं, तेव्हा मीच रिक्षात घालून दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने दिवसभर चालवून बघितला आणि म्हणाला, हा ठणठणीत आहे. या जातीचे प्रोसेसर पंखा लवकर फिरावा म्हणून तापमान मुद्दाम वीस अंशांनी वाढवून कळवतात. बाकीची सॉफ्टवेअरं ते वीस वजा करून खरा आकडा दाखवतात. धाकट्याने ठेवलेलं ही वजाबाकी करत नव्हतं. कॉम्प्युटर कधी तापलाच नव्हता. त्याला थांबवत होतं ते राखणीला ठेवलेलं सॉफ्टवेअर.

हे घरी सांगावं की नाही, वाटभर ठरत नव्हतं. पण माझ्या पोटात काही राहत नाही. सगळं सांगितलं. म्हटलं, अरे, चांगलीच बातमी आहे, नवीन काहीच घ्यायला नको. बहात्तर दाखवणारं सॉफ्टवेअर दुरुस्तीवाल्याने घालून दिलंय, बघ तरी.

तो बघायला उठला नाही. “म्हणजे कॉम्प्युटर चांगला होता,” तो म्हणाला, “बिघाड माझ्यातच.”

एवढी एकच गोष्ट त्याने आयुष्यात दुसऱ्यांदा तपासली नाही. मला रडू फुटलं, ते मी आत जाऊन रडले.

कॉम्प्युटरवर आता चादर आहे. काल मी इस्त्री पुन्हा काढली. दुपारपर्यंत खोली चांगलीच तापली. गरम होतंय का रे, मी विचारलं. त्याने भिंतीकडे तोंड करून नुसती मान हलवली. हो की नाही, ते मला कळलं नाही.