काळ्या गाडीवर भुंडे हात

आमच्या शेडमध्ये चपला घालून या, चालेल. पण गाडीला हात लावायचा असेल तर अंगठी, घड्याळ, कडं, पट्टा आणि बांगड्या दाराशी काढून ठेवायच्या. हा नियम मी केला आहे आणि तो माझ्यापासून सुरू होतो. सकाळी कामाला लागते तेव्हा माझी दोन्ही मनगटं मोकळी असतात आणि मंगळसूत्र भिंतीवरच्या खिळ्याला पिशवीत टांगलेलं असतं. कारंजाकडे जाणाऱ्या एसटीतल्या बाया खिडकीतून माना वळवून बघतात. बघू देत. एसटी थांबली तर त्यांना चहा पाजीन, पण बांगडी घालणार नाही.

हे काम मी पुण्यात शिकले. कापूस वेचून झाला की मी आणि नवरा दरसाल बाहेर कामाला जायचो. तो इमारतींवर सळया बांधायला, मी गाड्या चकचकीत करणाऱ्या एका दुकानात झाडायला आणि फडकी धुवायला. फडकी धुता धुता मी बघत राहिले. गाडीच्या रंगावर एक पातळ द्रव चढवतात, त्याला सिरॅमिक कोटिंग म्हणतात. तो वाळून पक्का झाला की रंगावर कडक, गुळगुळीत थर बसतो. पाणी ठरत नाही, घरंगळून जातं, आणि ऊन किंवा पाखरांची घाण रंगाला लवकर खात नाही. एकदा कारागीर आला नाही म्हणून मालकानं माझ्या हातात स्पंज दिला. माझा हात हलका निघाला. त्यानंतर मी पुन्हा झाडू धरला नाही.

इंझोरीजवळ रस्त्याला लागून आमची थोडी जागा होती. तिथं पत्र्याची शेड टाकली तेव्हा गावानं पोटभर हसून घेतलं. "गाडीले फेशियल करते म्हणे," असं एकजण मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला. दुसऱ्यानं सांगितलं, त्याची गाडी डिझेलच्या फडक्यानंही चमकते. चमकते खरी, संध्याकाळपर्यंत. मग त्या डिझेलला रस्त्याची सगळी धूळ चिकटते आणि दुसऱ्या दिवशी तीच धूळ फडक्याखाली रगडली जाते. मी त्याची गाडी उन्हात उभी करून रंगावरचे गोल गोल बारीक ओरखडे त्याला दाखवले. तो पुन्हा आला नाही.

गावाच्या हसण्याचं मला काही वाटलं नाही. माझं खरं भांडण घरात होतं. सासूला मी आत्याबाई म्हणते. मी शेडमध्ये पहिल्यांदा बांगड्या उतरवल्या तेव्हा ती जेवणाचा डबा घेऊन दारात उभी होती.

"जित्या नवऱ्याची बायको आन हात भुंडे? तुले काई भेव हाय का नाही वं?"

"गाडीवर ओरखडा पडते, आत्याबाई."

"गाडीवर पडू दे. माह्या पोरावर कायले आणतं?"

माझा नवरा पाच वर्षांचा असताना त्याचे वडील गेले. त्या दिवशी बायांनी आत्याबाईचे हात धरून बांगड्या फोडल्या. काच लागून मनगटावर पडलेला व्रण अजून दिसतो. तेव्हापासून लग्नात ती मागच्या रांगेत आणि हळदीच्या वेळी चुलीपाशी. माझ्या लग्नात मला घरची पहिली हळद शेजारणीनं लावली, कारण सासूचा हात चालत नव्हता. खरं तर ह्याचा तिला राग यायला हवा होता. उलट तीच तो नियम मला लावत होती, आणि ह्यानं माझं डोकं फिरायचं. ती मला छळत नव्हती, तिला पोराची भीती वाटत होती, एवढं मला कळत होतं. पण तिच्या भीतीपायी मी माझं काम का बिघडवू?

तरी मी करून पाहिलं, नाही असं नाही. भंगारातून आणलेल्या एका दारावर मी सराव करायचे. बांगड्या कोपराकडे सरकवून रबर लावलं. हात वर असताना ठीक, हात खाली केला की त्या खळखळत मनगटावर यायच्या. वरून फडकं गुंडाळलं, तर एक बांगडी आतल्या आत फुटली, तिचं टोक फडक्यातून बाहेर आलं आणि दारावर वीतभर रेघ ओढून गेलं. नवरा म्हणाला, "आईसाठी दोन घाल ना, काम हळू कर." मी ते दार त्याच्यापुढं नेऊन ठेवलं आणि म्हटलं, ही रेघ हळू काम करतानाच पडली आहे. त्या दिवसापासून मी सोय शोधणं बंद केलं.

पहिलं वर्षभर आमच्याकडे जुन्याच गाड्या आल्या. मग पाडव्याला एक बागायतदार कोरी काळी गाडी घेऊन आला, शोरूममधून सरळ. कारंजाच्या बाजारात त्याच्या वांग्या-टमाट्यांना मान होता आणि त्याच्या शब्दालाही. त्यानं चांगलं म्हटलं तर चार नव्या गाड्या आल्या असत्या. वाईट म्हटलं असतं तर शेडला कुलूप आणि आम्ही पुन्हा पुण्याला. नवऱ्याचा खांदा सळयांनी आधीच निकामी करत आणला होता. तो पुन्हा त्या कामाला जाऊ नये, एवढंच मला हवं होतं.

बागायतदाराला रामनवमीला सगळं घर घेऊन पोहरादेवीला जायचं होतं. गाडीची खरी पूजा तिथंच करायची होती. मी दिवस मोजले. दुसऱ्या दिवशी सकाळी कोटिंग चढवलं तर पक्कं व्हायला जेमतेम सात दिवस मिळत होते. मी त्याला सगळं सांगितलं. सात दिवस पाणी नाही. तेलात कालवलेल्या कुंकवाचं स्वस्तिक बॉनेटवर नाही. पुढं धुवायची तर दोन बादल्या, एक साबणाची आणि एक साध्या पाण्याची. खांद्यावरच्या दुपट्ट्यानं धूळ झटकायची नाही. पाखरानं घाण केली तर त्याच दिवशी भिजवून अलगद उचलायची. आणि फवारणीच्या पंपानं गाडी धुवायची नाही, कितीही धुतला तरी त्यात औषध राहतं.

"ताई, बाळंतिणीले बी एवढं पथ्य नसते," तो म्हणाला.

"बाळंतीण दुखलं त सांगते. गाडी सांगत नाही."

तो हसला आणि किल्ली ठेवून गेला.

आमच्याकडच्या उन्हात हे काम फार घाई करतं. पुण्यात द्रव लावून निवांत उभं राहता यायचं. इथं चैत्रात नऊ वाजले की तो बघता बघता वाळतो. म्हणून मी उजाडताच सुरुवात केली. जमिनीवर पाणी मारलं, दोन्ही बाजूंना ओल्या जाळ्या सोडल्या, कारण शेजारच्या शेतात मळणीयंत्रातून हरभऱ्याचं कुटार, म्हणजे भुसकट, उडत होतं. स्पंजवर चार थेंब, सुपाएवढ्या भागावर आधी आडवा हात, मग उभा. पाण्यावर पेट्रोल सांडलं की दिसतात तसे रंग उमटले की लगेच पुसायचं. उशीर झाला तर तिथं काळा डाग बसतो आणि तो मशीन लावून घासल्याशिवाय निघत नाही. छप्पर झालं, डावी बाजू झाली. नवरा खाली बसून टायरांना काळं तेल लावत होता, कोपरापर्यंत माखलेला. आत्याबाई डबा घेऊन आली होती आणि नेहमीसारखी दाराबाहेर बसली होती. नव्या गाडीजवळ तिनं यायचं नाही, हे तिनंच ठरवलं होतं.

मी बॉनेटवर होते तेव्हा बागायतदार बायकोला गाडी दाखवायला घेऊन आला. बाई माझ्यापेक्षा वयानं मोठी, दोन्ही हात हिरव्या चुड्यानं भरलेले. तिनं माझी मनगटं पाहिली, गळा पाहिला आणि हळू आवाजात विचारलं, "किती वर्स झाले वं त्यायले जाऊन?"

"कोणाले?"

"तुह्या मालकाले."

"ते काय, टायरापाशी बसले हायेत."

नवऱ्यानं गाडीआडून काळा हात वर करून नमस्कार केला. मला हसू आलं. बाईचा चेहरा मात्र पडला. विधवेचा हात लागला असता तर ती कदाचित गुपचूप शांती करून मोकळी झाली असती. पण नवरा जिवंत असून बाई हात भुंडे करते, तेही तिच्या कोऱ्या गाडीवर, हे तिला सोसेना. ती नवऱ्याला म्हणाली, "काम थांबवा. न्हाई त हिले बांगड्या घालू द्या." आणि माझा नवरा, माझाच नवरा, म्हणाला, "घाल ना आजच्या दिवस."

"नाही घालत," मी म्हटलं. आवाज शेडभर गेला. "न्यायची त अर्धवट न्या. बांगडी घालून मी ह्या गाडीले हात लावणार नाही."

बाईनं भांडण केलं नाही, इथंच मी फसले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "पोरी, तुह्याच भल्यासाठी सांगून राह्यली," असं म्हणत तिनं माझा उजवा हात धरला, आपल्या हातातली एक बांगडी काढली आणि मी स्पंज खाली ठेवेपर्यंत त्याच हातात कोंबली. बांगडी लहान होती. ती बोटांच्या पेरांवर घट्ट अडकली, आणि डाव्या हातानं पुसायला वाकावं तर तीच बांगडी पत्र्याला लागणार. झटका दिला असता तर काच बॉनेटवरच फुटली असती. आणि बॉनेटवर, ऐन मधोमध, लावलेला भाग रंग दाखवायला लागला होता.

नवऱ्याचे हात तेलात. बागायतदाराच्या हातात अंगठ्या आणि घड्याळ. बाईचा दुसरा हात चुड्यानं भरलेला. मी दाराकडे पाहिलं.

"आत्याबाई, फडकं घ्या! पुसा!"

ती उठून उभी राहिली, पण आत येईना. "मी कशी? नवी वस्तू हाय त्यायची."

"तुमचे हात मोकळे हायेत. इथं दुसऱ्या कोणाचेच नाहीत."

"मावशी, तुमी नोका लावू," बाई म्हणाली. तिनं ते सवयीनं म्हटलं, जसं लग्नाघरी म्हणतात. आत्याबाईनं आयुष्यभर ते ऐकलं होतं आणि दर वेळी मागं सरकली होती. ह्या वेळी तिनं पदर कमरेला खोचला, टाकीपाशी हात धुतले, कोरडे केले आणि सरळ आत आली. माझ्या खांद्यावरचं फडकं ओढून घेतलं. काही विचारलं नाही. वर्षभर दारात बसून तिनं सगळं पाहिलं होतं. आधी एकदा हलक्या हातानं, मग घडी उलटून पुन्हा. रंग गेले आणि काळ्या बॉनेटमध्ये पत्र्याचं छत आणि तिचा चेहरा स्वच्छ दिसायला लागला.

बाई अजून माझा हात धरून उभी होती, गाडीला जवळजवळ टेकून. आत्याबाईनं तिच्याकडे पाहिलं.

"बाई, तुमचे हात भरले हायेत," ती म्हणाली. "तुमी मांग सरका."

बाई सरकली. बागायतदार तिला घेऊन लिंबाच्या सावलीत गेला आणि जाता जाता मला म्हणाला, "करा पुरं." मी साबण लावून बांगडी सोडवली, तिला नेऊन दिली आणि परत आले. उजवी बाजू अजून राहिली होती, ऊन वर चढत होतं. आत्याबाई नवं फडकं घेऊन पुढच्या दारापाशी उभी होती.

"लाव लवकर," ती म्हणाली, "पुसाले मी हाय."